बारा घागरी आणि चार पाय

सोलापुरात माणूस घरात बसून काय वाट्टेल ते करू शकतो, पण दारात करवत घेऊन बसू शकत नाही. बसला की थोड्याच वेळात चार माणसं जमतात. पहिला विचारतो, "काय करालाव ओ?" दुसरा उत्तर यायच्या आत म्हणतो, "असं नसतंय ओ ते." तिसरा करवत हातातून काढून घेतो आणि ती कशी धरायची ते दाखवतो. चौथा काहीच बोलत नाही. पाठीमागे हात बांधून तो सगळं बघतो आणि जाता जाता "टिकलं तर बरं" एवढंच म्हणून करणाऱ्याची त्या रात्रीची झोप घेऊन जातो.

आमच्या दाजींनी माशांच्या टाकीसाठी लाकडी स्टँड घरच्या घरी करायचं ठरवलं, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला मी होतो. मराठी घरात मेहुण्याची नेमणूक याच पदावर होते. पहिलं टोक ज्याच्या हातात, त्याला माप दिसतं. दुसरं टोक ज्याच्या हातात, त्याला फक्त "हलू नको" ऐकू येतं. जबाबदारी काही नाही, आणि सगळं समोर दिसतं. विनोदी लेख लिहिणाऱ्याला याहून चांगली नोकरी मिळायची नाही.

या प्रकरणाचं मूळ गड्ड्यात आहे. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, म्हणजेच गड्ड्यात, सात नंदीध्वज निघतात, सम्मती कट्ट्यावर देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात आणि होम मैदानावर पाळणे, भांडीकुंडी, खेळणी यांचा बाजार भरतो. त्या बाजारातून भाचीनं प्लास्टिकच्या पिशवीत दोन गोल्डफिश आणले. "हे कुणाला विचारून आणलंस?" ताईनं उंबऱ्यातच विचारलं. प्रश्न रास्त होता. या गावात देवाचं लग्नसुद्धा सम्मती वाचल्याशिवाय लागत नाही. पण मासे तोवर आत आले होते, आणि आलेल्या पाहुण्याला परत लावायची सोलापुरात पद्धत नाही.

सुरुवातीला त्यांची सोय काचेच्या गोल भांड्यात झाली. भांड्याचं पोट मोठं आणि तोंड लहान. पाण्यात प्राणवायू विरघळतो तो वरच्या पृष्ठभागातून, आणि तोच इथं बशीएवढा. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. भाचीला वाटलं, ते बोलतायत. दाजींचे वडील, म्हणजे अप्पा, यांना वाटलं, भूक लागलीय. मग येता-जाता जो तो चिमूटभर खाणं टाकू लागला, आणि पाण्याला ताकाचा रंग आला. मासेवाल्या दुकानदारानं शेवटी समजावलं, की गोल्डफिश वीतभर सहज वाढतो, घाणही भरपूर करतो, आणि पाणी जितकं जास्त तितकं ते सावकाश तापतं आणि सावकाश बिघडतं. ज्या गावात मे महिन्यात पारा 44 च्या घरात जातो, तिथं हा मुद्दा बिनतोड होता. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी ठरली. काच 8 मिलिमीटरची.

काचेच्या पेटीत मासे सोडायचे आणि समोर खुर्ची टाकून बसायचं, हे वेड मूळचं इंग्रजांचं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं 1853 साली माशांचं दालन उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं या विषयावरचं पुस्तक निघालं. ते वाचून लोक इतके पेटले, की समुद्रकाठच्या खडकांतले जीव बरण्या भरभरून घरी नेऊ लागले. किनारे त्यामुळे ओस पडले, अशी हळहळ गॉसच्या मुलानं, एडमंड गॉसनं, 1907 साली आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि राणीचा बाग बघून दमलेल्या गावाकडच्या पाहुण्यांना आणखी एक ठिकाण मिळालं. एवढा हा इतिहास. पण पेटी ठेवायची कशावर, हे त्यात कुणी सांगत नाही. ते ज्याचं त्याला घरी आल्यावर कळतं.

दुकानात लोखंडी अँगलचा तयार स्टँड होता. दुकानदारानं तो दाखवलाही.

"लोखंड गंजतंय," दाजी म्हणाले.

"आपण गेल्यावर गंजतंय," ताई म्हणाली.

खरं कारण वेगळं होतं. दिवाळीत दाजींनी ड्रिल मशीन घेतलं होतं आणि तेव्हापासून घरात कॅलेंडरसाठी एकच भोक पडलं होतं. यंत्र आणलं की त्याला काम मिळवून देणं हे घरातल्या पुरुषाचं कर्तव्य असतं. किती घरांत निव्वळ मिक्सरच्या नव्या भांड्यापायी आठवडाभर चटण्या होतात, तसंच हे.

पहिला हिशेब शेजारच्या ओव्हरसियर काकांनी मांडला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस पाण्याचं नाव काढलं की आपोआप कागद-पेन्सिल मागतो. साडेसहा आणि वर पाव, म्हणजे पावणेसात घनफूट. एका घनफुटात 28 लिटरच्या वर पाणी. काठोकाठ भरली तर 190 लिटर, वर इंचभर मोकळं सोडलं तर 180. एका लिटरचं वजन एक किलो. त्यावर काचेचे तीसेक किलो आणि तळाच्या खड्यांचे वीस-पंचवीस.

"एकूण 240 धरा," काका म्हणाले आणि आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

"किती मासे धरून?" भाचीनं विचारलं.

दाजींना आधी टाकी माडीवर, झोपायच्या खोलीत हवी होती. काका म्हणाले, राहत्या घराच्या स्लॅबला चौरस मीटरला 200 किलोचा भार धरून गणित करतात. तुमची टाकी अर्ध्या चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत अडीच क्विंटल घेऊन बसणार. भिंतीला लागून, तुळईच्या वर ठेवली तर चालेलही, पण खाली कोण झोपतं? खाली अप्पा झोपत होते. त्यांनी वर्तमानपत्राआडून "खालीच ठेवा" असा निकाल दिला आणि माडीचा विषय संपला.

तळमजल्यावर कुठं, हे ठरवायला वास्तुशास्त्र आलं. पाण्याची वस्तू ईशान्येला हवी, असं कुणीतरी मोबाइलवर दाखवलं. आमच्याकडे ईशान्येला मोरी आहे. म्हणजे पाणी तिथं आधीपासून आहेच, आणि शास्त्र म्हणतं त्याप्रमाणे ते घरातून वाहतंही आहे, असं दाजींनी पटवून दिलं. ऊन आणि धक्का, या दोन गोष्टी जिथं लागत नाहीत ती जागा टाकीला चांगली. अशी जागा बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या शेजारी निघाली. दिशा कोणती, हे कुणी विचारलं नाही, कारण तिथं प्लगही होता.

मग लाकूड. सोलापुरातली जुन्या लाकडाची वखार ही ज्याची त्यानं एकदा बघावी. वाड्यांच्या तुळया, दारांच्या चौकटी, जिन्याचे कठडे, देवळीच्या फळ्या असा अर्धा गाव तिथं आडवा पडलेला असतो. वखारवाला प्रत्येक तुकड्याचं घराणं सांगतो. सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला गाव जुनी मिल म्हणतं, 1877 साली सुरू झाली. ती बंद पडून किती वर्षं लोटली, तरी तिच्यातलं सागवान वखारीत अजून येतंच आहे. आजवर मिलच्या नावावर विकलं गेलेलं लाकूड मोजलं, तर तिथं कापूस नव्हे, साग कातत असावेत.

आमच्यापुढे ठेवलेल्या खांबाचं घराणं त्याहून वरचं होतं. "हातमागाचा खांब आहे साहेब. पन्नास वर्षं पाणी न् तेल प्यायलेला. याला वाळवी बघत पण नाही."

सोबत अन्ना होते. पूर्व भागातले, टॉवेलच्या कारखान्याचे मालक, आणि घरात आजोबांपासून माग. त्यांनी खांब उलटा केला, अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "मागाचा नाही ओ हे. मागाला असला तर दोरीनं घासल्याली खाच दिसली असती. हे बघा, बिजागरीचे खिळे. दाराचं आहे."

वखारवाला जराही डगमगला नाही. "दार मागवाल्याचंच होतं," तो म्हणाला.

लाकूड मात्र चांगलं निघालं. गाठ नाही, चीर नाही, नखानं खरवडलं तर आतून तेलकट पिवळं. अन्नांनी भाव पाडून दिला तो तेलुगूत. त्या दोघांचं आपसात काय ठरलं ते मला कळलं नाही, पण पैसे वाचले. सोलापुरात मराठीत विचारायचं, कन्नडमध्ये घासाघीस करायची आणि तेलुगूत व्यवहार उरकायचा, असे तीन मजले असतात. आम्ही मधला मजला वगळला.

वरच्या फळीसाठी प्लाय घ्यायचं होतं. तिथं दाजींनी काटकसर केली नाही, हे नमूद करायला हवं. साधा कमर्शियल प्लाय पाण्याच्या थेंबांनी काही दिवसांत फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. भुशाच्या बोर्डाचं तर विचारूच नका. एका पावसाळ्यात त्याची कड पावासारखी फुगून येते. पाण्याशी गाठ असेल तर वॉटरप्रूफ प्लायच हवा. बोटीला लावतात तो मरीन प्लाय मिळतो. सोलापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला, तरी प्लायच्या दुकानात तो दहा फुटांवर ठेवलेला असतो.

काम सुरू झालं आणि दारात माणसं जमली. त्यांत एक खरे मिस्त्री होते. त्यांना कामाला बोलावलं नव्हतं. समोरच्या घरी दाराला कडी बसवायला ते आले होते आणि दुपारच्या सुट्टीत पायरीवर तंबाखू मळत बसले होते. ज्याला काम येतं त्याच्यासमोर काम न येणाऱ्यानं काम करणं, याच्याइतकी अवघड परीक्षा नाही. मिस्त्री बोलत काहीच नव्हते. दाजींनी रंधा उलट्या दिशेनं मारला की फक्त तंबाखू मळायचे थांबायचे.

मापांचा घोळ वेगळाच होता. दाजींनी नकाशा सेंटिमीटरमध्ये काढला होता, कारण मोबाइलवरच्या व्हिडिओत तसा होता. वखारवाल्यानं लाकूड इंचात कापून दिलं होतं. ओव्हरसियर काका मिलिमीटरशिवाय बोलत नव्हते. मिस्त्रींच्या जगात या तिघांनाही जागा नव्हती; तिथं इंचाचे आठ सूत असतात आणि माणूस सूतभर चुकला तरी चुकलाच. बराच वेळ वाद ऐकून ते उठले. त्यांनी एक कामटी घेतली, टाकीला लावली, नखानं खूण केली आणि तीच कामटी लाकडावर ठेवली. आकडा कुठंच आला नाही. पुढची सगळी मापं त्याच कामटीनं झाली, आणि मी टेपच्या टोकासह निवृत्त झालो.

मिस्त्रींनी एकच सल्ला तोंडानं दिला, तो मात्र सोन्याचा होता. दाजी वरची आडवी पट्टी पायाच्या बाजूला धरून स्क्रू मारत होते. मिस्त्री म्हणाले, "सगळं ओझं स्क्रूवर टाकालाव की ओ. लाकूड लाकडावर बसवा. स्क्रू नुसता धरायला असतोय, पेलायला नाही." मग पायाच्या डोक्यात खाच पाडली आणि आडवी पट्टी त्या खाचेत बसवली. आता ओझं पट्टीवरून थेट पायात, आणि पायातून थेट जमिनीत. उभ्या सागवानाची ताकद अफाट असते. दोन बाय दोन इंचांचा आखूड पाय टनभर ओझं सहज घेतो. चार पायांवर 240 किलो म्हणजे त्यांच्या दृष्टीनं सुट्टीच.

सांध्यांना फेविकॉल लावला. तो नीट सुकेपर्यंत सांधा आवळून धरावा लागतो आणि त्यासाठी शिकंजे लागतात. शिकंजे नव्हते. पण सोलापूरच्या घरात टॉवेल नाही असं होत नाही. अन्नांच्या कारखान्यातले टॉवेल पायांभोवती गुंडाळले, त्यांत लाटणं अडकवून पीळ दिला आणि लाटणं दोरीनं बांधून टाकलं. रात्री ताई लाटणं शोधू लागली. भाकरीला लाटणं लागत नाही, हे दाजींनी तिला फार सौम्य शब्दांत समजावलं. त्या रात्री सगळ्यांनी भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं, आणि स्टँड टॉवेल गुंडाळून अंगणात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी टॉवेल सोडले आणि चाचणी ठरली. 240 किलो म्हणजे सरासरी चार माणसं. वर कोण बसणार, यावर चर्चा झाली. प्रत्येकानं आपलं वजन सांगितलं आणि प्रत्येकानं ते पाच-सात किलो कमी सांगितलं, त्यामुळे चाचणी ठरल्यापेक्षा कडक झाली. दाजी, ओव्हरसियर काका, मिस्त्री आणि मी असे चौघे चार दिशांना तोंडं करून स्टँडवर बसलो. लाकूड कुरकुरलं नाही. काकांनी बसल्या बसल्या "उत्तीर्ण" असा शेरा दिला. अन्नांनी फोटो काढला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अव्वा बाहेर आल्या. अव्वा म्हणजे दाजींच्या आई. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "उतरा सगळे खाली."

उतरलो. अव्वांनी स्टँडच्या वरच्या कोपऱ्याला एक बोट लावलं आणि बाजूला ढकललं. सगळा सांगाडा बोटभर तिरका झाला आणि परत जागेवर आला.

"सरळ बसून काय हुतंय रे? पाणी कधी सरळ बसतंय का?"

कुणी काही बोललं नाही. ओव्हरसियर काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. त्यांच्या गणितात सगळं ओझं वरून खाली येत होतं, आणि तिथं स्टँड पक्का होता. पण पाणी हिंदकळतं. मूल पळत येऊन आपटतं, कुणी फरशी पुसताना टेकतं, टाकीतला पंप रात्रंदिवस थरथरतो. चौकोनी सांगाडा वरून कितीही दाबा, दबत नाही. बाजूनं ढकलला की समांतर कलतो. मोठमोठ्या मांडण्या कोसळतात त्या पाय मोडून नाही, अशा कलून.

"किती पाणी बसतंय यात?" अव्वांनी विचारलं.

"180 लिटर," काका म्हणाले.

"घागरीत सांगा."

पंधरा लिटरची घागर धरून बारा झाल्या. अव्वांनी तो आकडा ऐकला आणि त्यांचा चेहरा बदलला. आम्हाला 180 लिटर कळले होते ते कागदावर. अव्वांना बारा घागरी मानेत, कमरेत आणि गुडघ्यांत कळल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी आडावरून, हापशावरून, टँकरवरून आणि रात्री-अपरात्री येणाऱ्या नळावरून पाणी भरलं आहे. पाण्याचं वजन किती, हे या घरात फक्त त्यांना माहीत होतं, आणि इतका वेळ त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या आत गेल्या आणि माजघराच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं घडवंची होती. आम्ही सगळे तिच्याशेजारून आयुष्यभर जात-येत होतो. वर दोन पितळी हंडे आणि एक कळशी, खाली तांब्याचा बंब. मिस्त्रींनी हंडे उतरवायला लावले आणि उकिडवे बसून ते बघू लागले. चार पाय, आणि चारही पाय खाली जरा बाहेर फाकलेले. खाली आडव्या दांड्या. प्रत्येक दांडीचं टोक निमुळतं करून पायातून आरपार काढलेलं, आणि बाहेर आलेल्या टोकात बोटभर लांबीची पाचर ठोकलेली. खिळा एकही नाही. रोज पाणी सांडून सांधे काळे पडलेले, पण एकही ढिला नाही. ओलं झालं की लाकूड फुगतं, म्हणजे जितकं पाणी सांडेल तितका सांधा आवळतो. मिस्त्रींनी तिलाही एक बोट लावून ढकललं. मग दोन्ही हात लावून ढकललं. घडवंची जागची हलली नाही. तिच्याखालची फरशी हलली.

"कुणी केलीय?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझ्या सासूच्या लग्नात आलीय," अव्वा म्हणाल्या. "तेव्हा फेविकॉल नव्हता."

खरं आहे. फेविकॉल 1959 साली आला. त्याच्या आधीही या देशात लोक पाणी जमिनीच्या वर उचलून ठेवतच होते, आणि ते खाली पडत नव्हतं.

टाकीच्या स्टँडचे पाय फाकवायला खोलीत जागा नव्हती. म्हणून मिस्त्रींनी दुसरी वाट काढली. मागच्या बाजूला पुरा एक प्लायचा पत्रा चौकटीला स्क्रू आणि फेविकॉलनं चिकटवला, आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या दिल्या. मागचा पत्रा बसल्यावर चौकोन कलायला जागाच उरली नाही. अव्वांनी पुन्हा बोट लावलं. हललं नाही. मग त्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन चहा टाकला. आयएसआयचा शिक्काही इतका चटकन मिळत नाही.

आता शहाबादीचा प्रश्न. जुन्या सोलापुरी घरांत शहाबादी फरशी असते, आणि ती सपाट कधीच नसते. ती मोरीकडे उतरती बसवलेली असते, म्हणजे फरशी धुतली की पाणी आपलं आपण जातं. माणसाला हा उतार कळत नाही, टाकीला कळतो. स्टँड तिरका असेल तर टाकीत पाण्याची रेघ एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसते. ते डोळ्यांना खुपतं. पण चार पायांखालची फरशी एकसारखी नसेल तर तळाच्या काचेला पीळ बसतो, आणि काच पीळ सहन करत नाही. दाजींच्या मोबाइलमध्ये पाणसळीचं ॲप होतं. मिस्त्रींनी तो मोबाइल बाजूला ठेवला आणि गवंड्याकडून पारदर्शक नळी मागवली. नळीत पाणी भरून दोन टोकं दोन कोपऱ्यांना धरली. एका टोकाला पुन्हा माझी नेमणूक झाली. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखीच राहते. कोपरे किती खालीवर आहेत ते लगेच दिसलं. मोरीकडच्या पायांखाली पाचरी गेल्या. वरच्या फळीवर थर्माकोलचा पत्रा अंथरला, म्हणजे फळीतला बारीकसारीक उंचसखलपणा तो गिळतो.

टाकी भरायची तर पाणी यायला हवं. सोलापुरात नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी. त्यामुळे प्रत्येक घरात हौद, पिंप, बॅरल, ड्रम, शिवाय जुन्या ड्रमची नवी पिढी. बाहेरगावचे लोक या साठवणुकीला हसतात, पण मासे हसत नाहीत. ताज्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना झोंबतो. पुस्तकं सांगतात, पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. सोलापूरकराला ही सूचना द्यायची गरजच पडत नाही. इथलं पाणी घराघरांत मुरल्याशिवाय वापरलं जात नाही. जगभरातल्या हौशी लोकांना मुद्दाम करावी लागते ती गोष्ट आमच्याकडे आपोआप घडते.

तरी पाण्याच्या दिवशी बारा घागरी माशांना द्यायच्या, यावर घरात बैठक झालीच. पिण्याचं झालं, हौद भरला, गच्चीवरची टाकी भरली, शेजाऱ्यांच्या दोन घागरी झाल्या आणि मग नळाचा शेवटचा, बोटाएवढा झालेला प्रवाह माशांच्या वाट्याला आला. बाकीचं पाणी हौदातून. अव्वा बाजूला उभ्या राहून मोजत होत्या. सात घागरींना स्टँडनं एक बारीक आवाज केला. सगळे थांबले. मिस्त्री म्हणाले, "बसतंय ते." त्यानंतर आवाज झाला नाही. बारावी घागर ओतल्यावर अव्वांनी पुन्हा एकदा कोपऱ्याला बोट लावलं.

टाकी उभी राहिली आणि घरातली सगळ्यात नियमित सेवा अप्पांनी हाती घेतली. तिचं मूळ उजनीत. सोलापूरला पाणी देणारं हे भीमेवरचं धरण 1980 साली झालं, एकूण साठा 117 टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी त्या रेषेखाली गेलं की वर्तमानपत्रं "उजनी वजा दहा टक्के, वजा वीस टक्के" अशा बातम्या देतात. सोलापूरकर उणे संख्या शाळेत शिकत नाही, उजनीवर शिकतो. अप्पांनी टाकीच्या काचेवर पेननं एक रेघ मारली. बाष्पीभवनानं पाणी रेघेखाली गेलं की सकाळी चहाबरोबर ते जाहीर करतात, "आज वजा एक बोट." मग ताई तांब्याभर पाणी ओतते आणि अप्पा "अधिक" म्हणून पेपर उघडतात.

उन्हाळ्यात टाकीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या तरंगतात. लाइट गेली की हवेच्या पंपाच्या नळीतून पाणी उलटं खाली येतं, म्हणून पंप स्टँडच्या कप्प्यात न ठेवता वर खिळ्याला टांगला आहे. हा खिळा या घरातला ड्रिल मशीननं पाडलेल्या भोकातला दुसरा. यंत्राचे पैसे वसूल झाले, असं दाजींचं मत आहे. ताईचं मत छापण्यासारखं नाही.

पाहुणे येतात तेव्हा मासे बघतात ती फक्त मुलं. मोठी माणसं वाकून स्टँड बघतात. "सागवान का?" विचारतात. "मागाचं आहे," दाजी सांगतात. ही गोष्ट वखारवाल्याकडून ते शिकले. अन्ना समोर असतील तर "दाराचं" म्हणतात.

तुम्हीही असा स्टँड करणार असाल तर करा. घरात लाकडाची एक तरी वस्तू आपल्या हाताची असावी. ओझं स्क्रूवर टाकू नका, लाकडावर टाका. मागे पुरा पत्रा मारा. दिशा बघण्याआधी फरशीचा उतार बघा. आणि नकाशा काढायच्या आधी घरात आजवर पाणी ज्या बाईनं भरलं आहे तिला विचारा. ती टेप मागणार नाही, आकडाही मागणार नाही. एक बोट लावेल आणि हो किंवा नाही सांगेल. नाही म्हणाली तर टाकी भरू नका.